मन मोजणाऱ्यांचे पोट

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. मानसशास्त्राच्या एम.ए.चे दुसरे वर्ष, हातात एकशेवीस भरलेल्या प्रश्नावल्यांचे बाड आणि चेहऱ्यावर मुदत संपत आल्याची धास्ती. माझा विषय अर्थशास्त्र. पण निवृत्तीनंतरही आकडेमोडीच्या अडचणी घेऊन मुले येतात, तशीच तीही आली होती. "सर, सरासरी आणि सहसंबंध तेवढे तपासून द्या," एवढेच तिचे मागणे होते. लघुप्रबंधाचा विषय होता, वसतिगृहातील विद्यार्थिनींचा ताण आणि समायोजन. आकडे तपासून झाल्यावर मी सहज विचारले, "हाच विषय का घेतलास?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला हा घ्यायचाच नव्हता."

तिला अभ्यास करायचा होता ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांचा. तिची मावशी वीस हंगाम कोयत्यावर गेलेली. उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास घर सोडायचे, सहा महिने फडाच्या कडेला कोपीत काढायचे, आणि उचल फिटली नाही म्हणून पुढच्या हंगामालाही बांधून घ्यायचे, हे तिने लहानपणापासून पाहिलेले. ही मावशी गावी परतल्यावर आठ-आठ दिवस कोणाशी बोलत नसे. ते न बोलणे म्हणजे काय, हे या मुलीला समजून घ्यायचे होते. त्यासाठीच तिने मानसशास्त्र घेतले होते.

मग घडले काय? लघुप्रबंध सादर करायची मुदत मार्चअखेर होती, आणि तोडणीवाल्या बाया गावी परततात त्या गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलात. त्याआधी त्यांना गाठायचे तर पश्चिम महाराष्ट्रातल्या फडांवर जायला हवे. त्यासाठी प्रवासखर्च हवा, राहण्याची सोय हवी आणि किमान दीड महिना मोकळा हवा. ही मुलगी रोज संध्याकाळी एका खाजगी शिकवणीत चार तास शिकवून खोलीचे भाडे भरते. शिवाय ज्या चाचण्या वापरायच्या त्या इंग्रजीत. त्यांतल्या काही विकत घ्याव्या लागतात, आणि मराठीत आणायच्या तर भाषांतर, उलट भाषांतर, प्राथमिक चाचणी हे सारे ओघाने आलेच. तिच्या मार्गदर्शकांनी सहानुभूतीने सल्ला दिला की, जवळचा नमुना घे. वसतिगृहाहून जवळचे काय असणार? दोन संध्याकाळीत एकशेवीस प्रश्नावल्या भरून झाल्या.

ही एका मुलीची हकीकत नाही, आणि तिच्या मार्गदर्शकांचा यात दोष नाही. आपल्या विद्यापीठांत मानसशास्त्राचे पदव्युत्तर संशोधन ज्या रीतीने चालते त्या रीतीचाच हा सरळ परिणाम आहे. संशोधनाचा विषय बुद्धी ठरवते असे आपण समजतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो विद्यार्थ्याच्या खिशाने, बसच्या वेळापत्रकाने आणि मुदतीच्या तारखेने ठरतो. ज्याच्याजवळ पैसा नाही आणि वेळ नाही तो जे हाताशी आहे तेच मोजतो. विद्यार्थ्याच्या हाताशी असतो तो दुसरा विद्यार्थी.

हा रोग केवळ आपला नाही, हे नमूद केले पाहिजे. अमेरिकन विद्यापीठांत मानसशास्त्राच्या पहिल्या वर्गातील मुलांनी प्रयोगांत सहभागी व्हावे आणि त्याबद्दल त्यांना अभ्यासक्रमात गुण मिळावेत, ही प्रथा जुनीच आहे. सामाजिक मानसशास्त्राच्या एका अग्रगण्य अमेरिकन नियतकालिकाच्या २००७ सालच्या अंकांची छाननी जेफ्री आर्नेट यांनी केली. तीत असे आढळले की, अमेरिकेतील नमुन्यांपैकी ६७ टक्के नमुने केवळ मानसशास्त्र शिकणाऱ्या पदवी-विद्यार्थ्यांचे होते. इतर देशांतील नमुन्यांत हेच प्रमाण ८० टक्के होते. २०१० साली हेनरिक, हाइन आणि नोरेंझायन या तिघांनी याच आकड्यांचा आधार घेऊन दाखवून दिले की, 'माणसाचे मन' म्हणून जे शिकवले जाते ते पुष्कळ अंशी पाश्चात्य, सुशिक्षित, सुखवस्तू तरुणांचे मन आहे. पुढे २०१५ साली मानसशास्त्रातील शंभर प्रकाशित अभ्यासांची पुन्हा पडताळणी झाली, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांचे निष्कर्ष सांख्यिकीच्या कसोटीला पुन्हा उतरले. हाताशी आलेला लहान नमुना, घाई आणि छापून आणण्याची सक्ती यांतून कसले ज्ञान निपजते, याची ती कबुलीच होती. श्रीमंत देशांत हे सवयीपोटी होत असेल. आपल्याकडे ते नाइलाजापोटी होते. परिणाम मात्र एकच.

नाइलाज कसला, तो अर्थशास्त्राच्या भाषेत सांगतो. संशोधन हे उत्पादन आहे, आणि त्याला लागणारे भांडवल म्हणजे मुख्यतः संशोधकाचा वेळ. या वेळाची किंमत कोण देते? पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला 'नेट'मधून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली, तर १ जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम दरमहा ३७,००० रुपये आहे. ती मिळणारे भाग्यवान थोडे. नेटविना संशोधन करणाऱ्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची जी योजना होती, ती केंद्रीय विद्यापीठांपुरती, तिच्यात पीएच.डी.साठी दरमहा ८,००० रुपये. ऑक्टोबर २०१५ मध्ये आयोगाने तीही बंद करण्याचे ठरवले, तेव्हा दिल्लीत विद्यार्थ्यांना आयोगाच्या कार्यालयासमोर रस्त्यावर बसावे लागले. राज्य विद्यापीठांत शिकणाऱ्या आमच्या मुलांचा या भांडणात प्रश्नच नव्हता. जे कधी मिळालेच नाही ते बंद काय होणार? महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत, आणि त्यांमुळे अनेक घरांतली पहिली पीएच.डी. होऊ शकली हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण त्या वृत्तीसाठी आझाद मैदानावर धरणे धरावे लागते, हेही आपण पाहिले आहे. एम.ए.च्या लघुप्रबंधाला तर मुळात वेगळा पैसा लागतो हेच कोणाच्या ध्यानात नसते.

याचा परिणाम केवळ विद्यार्थ्याच्या हालअपेष्टांपुरता राहत नाही. आपल्या समाजाला स्वतःविषयी काय ठाऊक असेल, हे त्यावरून ठरते. २०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते, असे तीत आढळले. पाहणी बारा राज्यांत झाली. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर दोन तपांहून अधिक काळ ज्या राज्याच्या विधिमंडळात चर्चा होते आहे, त्या राज्याचे मन त्या पाहणीत मोजले गेले नाही! अशा वेळी राज्यातल्या विद्यापीठांनी ही उणीव भरून काढावी, अशी अपेक्षा आपण करणार. आणि ती भरून काढायची कोणी? संध्याकाळी शिकवणी घेणाऱ्या मुलीने?

आता याच उसाची दुसरी बाजू पाहा. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. आनंदी मणी, सेंधिल मुल्लईनाथन, एल्डार शाफीर आणि जियायिंग झाओ हे त्याचे लेखक. त्यांनी तामिळनाडूतील विलुपुरम आणि तिरुवन्नामलै या भागांतील ५४ गावांमधल्या ४६४ ऊस-शेतकऱ्यांना दोनदा गाठले. एकदा तोडणीपूर्वी, म्हणजे हात रिकामे असताना. आणि एकदा तोडणीनंतर, पैसे हाती आल्यावर. माणूस तोच, चाचणीही त्याच धर्तीची. पण तोडणीपूर्वी त्याची बुद्धी चाचणीत मंद चालली आणि तोडणीनंतर तरतरीत झाली. गरिबांची बुद्धी कमी असते म्हणून ते गरीब राहतात, असे म्हणणाऱ्यांना याहून सडेतोड उत्तर क्वचितच मिळाले असेल. पैशाची विवंचना माणसाची विचारशक्ती व्यापून टाकते, एवढाच त्याचा सरळ अर्थ. मला हा निबंध अतिशय मोलाचा वाटतो. परंतु हे चौघे संशोधक अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा येथील विद्यापीठांत काम करणारे होते. तिकडून येऊन आमच्या ऊस-शेतकऱ्याचे मन पाहता येते, आणि ऊस तोडणाऱ्या मावशीच्या भाचीला मात्र जिल्हा ओलांडून फडावर जाता येत नाही. हा फरक बुद्धीचा नाही, साधनांचा आहे.

येथे मला एक जुनी कबुली द्यायची आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा मी अर्थशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी होतो. पुढील काही महिने आम्ही पाच-सहा जण लालबाग-परळच्या चाळींतून पाहणीचे तक्ते घेऊन हिंडलो. कर्ज किती, दागिने गहाण पडले का, भांडी विकली का, गावी किती जण गेले, याची आम्ही कसोशीने नोंद केली. एका खोलीत कामगाराच्या पत्नीने सांगितले, "हे रोज सकाळी आठाला डबा घेऊन बाहेर पडतात, कोपऱ्यावर बसतात आणि संध्याकाळी परत येतात. डबा तसाच असतो." आमच्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता. मी ते 'इतर' या सदरात लिहिले आणि पुढच्या खोलीत गेलो. तक्त्यांची बेरीज करताना 'इतर' कोणी वाचत नाही. आम्ही कामगारांच्या बाजूचे होतो, यात शंका नाही. पण त्यांच्या मिळकतीला जसे मोजमाप असते तसे त्यांच्या खचण्यालाही असू शकते, हे आम्हाला सुचले नाही.

ते सुचलेले लोक जगात आमच्या पन्नास वर्षे आधी होऊन गेले होते, हे मला फार उशिरा कळले. व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाची एक गिरणीवस्ती होती. १९२९-३० साली तेथील कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. १९३१-३२ च्या हिवाळ्यात मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल हे तरुण आपल्या सहकाऱ्यांसह तेथे पोचले. याहोदा तेव्हा मानसशास्त्राची संशोधक विद्यार्थिनी होती, वय पंचविशीच्या आतबाहेर. वृद्ध निराधारांच्या आश्रमात राहणाऱ्या माणसांच्या जीवनकथा हा तिच्या पीएच.डी.चा विषय! या मंडळींना आधी अभ्यास करायचा होता कामगारांच्या फुरसतीचा. समाजवादी नेते ओटो बाउअर यांनी त्यांना सुनावले की, लोक बेकार होत असताना फुरसत कसली अभ्यासता, बेकारी अभ्यासा. खर्चासाठी व्हिएन्नाच्या कामगार मंडळाने हात दिला.

त्यांनी ४७८ कुटुंबांची माहिती घेतली. पण केवळ प्रश्न विचारून नव्हे. ग्रंथालयातून किती पुस्तके जातात ते मोजले. वर्गणी माफ करूनही दोन वर्षांत पुस्तके नेण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आलेले आढळले. रस्त्यावर माणसे किती वेगाने चालतात तेही मोजले. ज्यांना कोठेच पोचायचे नाही ते पुरुष संथ चालत आणि वारंवार थांबत, घरकामाचे ओझे असलेल्या स्त्रिया मात्र भरभर जात. कोणीही नुसता बघ्या म्हणून गावात राहायचे नाही, प्रत्येकाने गावाच्या काही उपयोगी पडायचे, असा त्यांचा नियम होता. त्यांनी कपडे वाटले, शिवणवर्ग चालवले, वैद्यकीय तपासणीची सोय केली. आणि निष्कर्ष काय निघाला? बेकारीने माणसे पेटून उठतात असे नव्हे, तर बहुसंख्य माणसे विझत जातात, असा. समाजवाद्यांना न रुचणारा हा निष्कर्ष समाजवादी संशोधकांनीच प्रामाणिकपणे मांडला. १९३३ साली पुस्तक निघाले. १९३६ साली याहोदाला ऑस्ट्रियातील हुकूमशाही राजवटीने तुरुंगात टाकले आणि १९३७ मध्ये तिला देश सोडावा लागला.

मारिएनथाल वाचताना मला कोपऱ्यावर डबा घेऊन बसलेला तो कामगार आठवला. रकाना असता तर त्या एका वाक्यावर अख्खा प्रबंध उभा राहिला असता.

कोणी म्हणेल, ही युरोपची उदाहरणे झाली; आपल्याकडे तशी परंपरा कोठे आहे? आहे. कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला तो १९१६ च्या सुमारास. बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने बसवण्याचे काम धारवाडच्या वि. वि. कामत यांनी १९३० च्या दशकात केले. चं. मो. भाटिया यांनी १९५५ साली निरक्षरांनाही देता येईल अशी कृतिचाचण्यांची मालिका सिद्ध केली. अलाहाबादचे दुर्गानंद सिन्हा आयुष्यभर सांगत राहिले की, आयात केलेल्या मोजपट्टीने येथील माणूस मोजू नका. या सर्वांनी एक गोष्ट ओळखली होती. माणसाची भाषा आणि त्याचे जगणे ओलांडून त्याच्या मनापर्यंत जाणारी वाट नाही. आमची बाई 'मला नैराश्य आले आहे' असे म्हणत नाही. 'जीव रमत नाही', 'काळजात धस्स होतं', 'डोकं चालंना', 'अंगातलं बळ गेलं' असे ती म्हणते. इंग्रजी प्रश्नावलीच्या शब्दशः भाषांतरात तिचे दुःख सापडणार नाही. आणि सापडले नाही म्हणून ते नाही, असा निष्कर्ष मात्र कागदावर उमटेल.

काही आक्षेपांचा विचार केला पाहिजे. विद्यार्थ्यांच्या मनाचा अभ्यास करणे कमी मोलाचे आहे काय? मुळीच नाही. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. खुद्द पदव्युत्तर विद्यार्थ्याचे जिणे काय असते ते जवळून पाहावे. अधिछात्रवृत्तीचा भरवसा नाही, मार्गदर्शकाच्या मर्जीवर सारे भवितव्य, घरून 'अजून किती वर्षे शिकणार?' हा प्रश्न, आणि समोर तासिकातत्त्वावरील नोकरी. दुसऱ्यांचा ताण मोजणारी ही मुले स्वतःचा ताण बोलून दाखवीत नाहीत. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यालाच मन आवरत नाही, असे लोक म्हणतील ही भीती. त्यांचा अभ्यास अवश्य व्हावा. पण तो गरज म्हणून निवडलेला असावा, दोन संध्याकाळीत उरकता येतो म्हणून नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक कडवा आहे. पैसे दिले तरी मुले काम करतील कशावरून? बाजारात विकत मिळणारे प्रबंध आपण पाहिलेले नाहीत काय? पाहिले आहेत. पण विकतचा प्रबंध हे आळसाचे फळ आहे तसेच ते अशक्य अटींचेही फळ आहे. मुदत तोकडी, साधन नाही, पदवी मात्र हवी. अशा ठिकाणी काळाबाजार उभा राहतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल. शिवाय चार जण लबाडी करतात म्हणून प्रामाणिक चाळिसांना उपाशी ठेवणे हा न्याय नव्हे.

तर मग करावे काय? माझ्या मते चार गोष्टी तातडीच्या आहेत. राज्य विद्यापीठांत पूर्णवेळ पीएच.डी. करणाऱ्या प्रत्येकाला जगण्यापुरती अधिछात्रवृत्ती मिळावी, ती महागाईशी जोडलेली असावी आणि पगारासारखी ठरल्या तारखेला हाती पडावी. दुसरे, एम.ए.च्या क्षेत्रकार्यासाठी प्रत्येक विभागाकडे निधी असावा, आणि त्यात प्रश्नांना उत्तरे देणाऱ्यांच्या बुडालेल्या मजुरीची तरतूद असावी. शंभर मजूर स्त्रियांचे प्रत्येकी दोन तास घेतले तर दोनशे तास होतात, म्हणजे पंचवीस दिवसांची मजुरी. ती आजवर संशोधनाच्या नावाखाली गरिबांकडून फुकट घेतली जाते, आणि याला आपण ज्ञानसाधना म्हणतो. तिसरे, राज्यातील मानसशास्त्र विभागांनी मिळून मराठीत, तिच्या बोलींसह, चाचण्या तयार कराव्यात आणि त्या सर्वांना विनामूल्य उपलब्ध असाव्यात. चौथी गोष्ट तर बिनखर्चाची आहे. लघुप्रबंधाची मुदत ज्यांचा अभ्यास करायचा त्यांच्या हंगामाशी जुळवून देण्याची मुभा असावी. विद्यापीठाचे वर्ष मार्चमध्ये संपते म्हणून ऊस काही फेब्रुवारीत तोडून होत नाही.

ही मागणी विद्यार्थ्यांवर दया करा अशी नाही. अधिछात्रवृत्तीकडे दान म्हणून पाहण्याची आपली सवय मुळातच चुकीची आहे. ज्यांचे पोट भरलेले आहे तेवढेच लोक मनाचा अभ्यास करू शकतील अशी व्यवस्था ठेवली, तर ज्यांचे पोट भरलेले आहे त्यांच्याच मनाचे शास्त्र तयार होईल. मग आरोग्यकेंद्रातला समुपदेशक, न्यायालयातला तज्ज्ञ आणि मंत्रालयातला सल्लागार तेच शास्त्र घेऊन तोडणीवालीसमोर उभा राहील, आणि तिचे न बोलणे त्याला कळणार नाही.

ती मुलगी पास झाली. गुणही चांगले मिळाले. एप्रिलअखेर तिचा फोन आला. सुट्टीत गावी गेली होती, तोडणीवाल्या बाया परतल्या होत्या. रोज संध्याकाळी ती त्यांच्याबरोबर ओट्यावर बसते आणि रात्री त्यांचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवते, असे तिने सांगितले. मावशीही दोनदा बोलली. या वहीला कोणत्याही विद्यापीठात गुण नाहीत, आणि जूनमध्ये शिकवणी सुरू झाली की ती बंद पडणार आहे. ती पुढे चालू राहावी असे ज्यांना वाटते, त्यांनी विद्यापीठांच्या अधिसभांत, विधिमंडळात आणि रस्त्यावर हा प्रश्न मांडला पाहिजे. त्या मुलीचे काम तिने सुरू केले आहे.